दोन क्लचांचा गियरबॉक्स : त्याची ताकद आणि त्याचे आयुष्य

(भद्रावती येथे ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या मंडळाच्या व्यासपीठावरून आजवर संतचरित्रे झाली, शिक्षणप्रसारावर भाषणे झाली, हुंड्याच्या प्रश्नावर तर अनेकदा चर्चा झाली. यंदाचा विषय यांपैकी कोणत्याच मालिकेत बसणारा नाही. तो चिटणीसांनी आम्हांस का सुचविला, हे प्रथम सांगितले पाहिजे.

मंडळाच्या साहाय्य-निधीकडे यंदा एक अर्ज आला आहे. अर्जदार आपल्यापैकीच एका घरातील तरुण असून नागपूरच्या एका गॅरेजात चार वर्षे उमेदवारी करून तो आता भद्रावतीस परत येऊ इच्छितो. वेगवान मोटारींचे ट्यूनिंग करण्याची संगणकीय सामग्री घेण्यासाठी त्याने दोन लाख रुपयांचे बिनव्याजी कर्ज मागितले आहे. अर्जावर कार्यकारी मंडळात सरळसरळ दोन तट पडले. एका पक्षाचे म्हणणे असे की, श्रीमंतांच्या मुलांच्या चैनीशी आपल्या गोरगरिबांच्या निधीचा काय संबंध? दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, मुलगा बुद्धिमान आहे, काळ बदलला आहे, त्यास अडवू नये. दोन्ही पक्ष कळकळीचे आहेत. परंतु ज्या यंत्राविषयी वाद आहे ते यंत्र दोघांपैकी फारच थोड्यांनी उघडलेले पाहिले आहे. आम्ही जन्मभर शाळेत गणित आणि विज्ञान शिकविले. निवृत्तीनंतर भाच्याच्या गॅरेजात बसून हे यंत्र उघडलेले पाहण्याचा आणि त्याविषयी मिळेल ते वाचण्याचा योग आम्हांस आला. तेवढ्याच अधिकारावर हे चार शब्द आहेत.

प्रथम क्लच म्हणजे काय ते पाहू. मोटारीचे इंजिन सतत फिरत असते आणि चाके तर कधी उभी, कधी फिरती असतात. या दोहोंची गाठ घालून देणारी आणि हवी तेव्हा सोडविणारी जी घर्षणाची तबकडी, तिचे नाव क्लच. साध्या गाडीत क्लच एकच असतो. चालक डाव्या पायाने तो दाबतो, इंजिन आणि चाके यांची गाठ सुटते, मग तो गियर बदलतो आणि पाय सोडतो. तेवढा वेळ, अर्धा सेकंद का होईना, गाडीस ओढ नसते. बाजारहाटास जाणाऱ्या माणसास त्या अर्ध्या सेकंदाचे काहीच नाही. शर्यतीच्या गाडीस मात्र तो जड जातो.

आपल्या समाजास हा प्रश्न आणि त्याचे उत्तर दोन्ही नवीन नाहीत. मोठा फाळ किंवा पहार घडविताना ऐरणीच्या दोन बाजूंस दोन गडी घण घेऊन उभे राहत. एकाचा घण तापल्या लोखंडावर पडत असताना दुसऱ्याचा वर उचललेला असे. लोखंडास निवण्याची उसंत मिळत नसे. दोन क्लचांचा गियरबॉक्स हा नेमका तोच जोडघण होय. त्यात एकात एक घातलेले दोन दांडे असतात, बाहेरचा पोकळ आणि आतला भरीव. पहिला, तिसरा, पाचवा असे विषम गियर एका दांड्यावर; दुसरा, चौथा, सहावा असे सम गियर दुसऱ्यावर; आणि प्रत्येक दांड्यास स्वतःचा क्लच. गाडी तिसऱ्या गियरमध्ये धावत असताना चौथा आधीच लावून ठेवलेला असतो. क्षण येताच एक क्लच सुटतो, दुसरा धरतो आणि ओढ तुटत नाही. हे सर्व तेलाच्या दाबाने आणि संगणकाच्या हुकमाने होते. चालकाच्या डाव्या पायास काम उरत नाही.

ही कल्पना तशी जुनी आहे. रशियाच्या झारच्या पदरी मोटारखान्याचा प्रमुख असलेल्या आणि बर्फावर चालणारी पट्ट्याची गाडी बनविणाऱ्या आदोल्फ केग्रेस या फ्रेंच अभियंत्याने १९३९ च्या सुमारास ती मांडली. पण ती हाताळण्याजोगा चपळ संगणक त्या काळी नव्हता, शिवाय युद्ध पेटले होते. १९८० नंतरच्या दशकात पोर्शे कंपनीने ती शर्यतीच्या गाड्यांत वापरली आणि २००३ मध्ये फोक्सवॅगनच्या गोल्फ आर-३२ या गाडीतून ती सर्वसामान्य बाजारात आली. फोक्सवॅगन तिला डी. एस. जी. म्हणते, पोर्शे पी. डी. के. म्हणते, आपली टाटा मोटर्स डी. सी. ए. म्हणते. नावे निरनिराळी, आतील जोडघण तोच.

आता या यंत्रात दोन जाती आहेत आणि पुढील सारे विवेचन या भेदावर उभे आहे. एक ओली, दुसरी कोरडी. ओल्या जातीत क्लचच्या तबकड्या तेलात बुडून फिरतात. घर्षणाने जी उष्णता होते ती तेल उचलते आणि बाहेर नेऊन टाकते. फोक्सवॅगनचा सहा गियरांचा पहिला डी. एस. जी. असा ओला होता. त्यात साडेसहा लिटरांच्या आसपास तेल असे आणि ते दर ६०,००० किलोमीटरला बदलावे लागे. २००८ मध्ये त्याच कंपनीने सात गियरांचा दुसरा काढला, त्याचे कारखान्यातील नाव डी. क्यू. २००. हा कोरडा. गियरांसाठी त्यात अवघे १.७ लिटर तेल आणि क्लच मोकळ्या हवेत. वजन पहिल्याचे ९३ किलो, दुसऱ्याचे ७०. हलका, स्वस्त, आणि तेल ढवळण्यात शक्ती वाया न गेल्याने पेट्रोलही कमी खाणारा. युरोपच्या थंड हवेत आणि मोकळ्या रस्त्यांवर हा हिशेब ठीक होता.

पण आपण राहतो कोठे? वैशाख-ज्येष्ठात ज्या चंद्रपूरचे नाव देशातील सर्वांत तप्त शहरांच्या यादीत वारंवार झळकते, त्याच्या दाराशी आपण राहतो. पारा ४५-४६ अंशांवर जाणे ही येथे बातमी नव्हे. आणि रस्ता कोणता? वरोरा, माजरी, वणी, घुग्गुस या कोळशाच्या पट्ट्यातील ट्रकांच्या रांगांतून मुंगीच्या पावलांनी सरकण्याचा. आता फळ्यावर मांडावे तसे एक गणित मांडतो. शाळेतील मुलांनीही ते वहीत करून पाहावे.

१४०० किलो वजनाची गाडी उभी आहे. ती ताशी १० किलोमीटर वेगापर्यंत नेली, तर तिच्या अंगी सुमारे ५.४ किलोज्यूल गतिज ऊर्जा येते. इंजिनाचे फेरे स्थिर धरले, तर गाडीस जितकी ऊर्जा मिळते जवळजवळ तितकीच क्लचच्या घासण्यात जाऊन तिची उष्णता होते. हा घर्षणाचा नियम आहे. कोणत्याही कंपनीस तो चुकविता येत नाही. ट्रकांच्या रांगेत दर १५ सेकंदांनी गाडी अशी एकदा हलविली, तर पंधरा मिनिटांत ६० वेळा, म्हणजे सुमारे ३२४ किलोज्यूल. क्लचचे पाच किलो लोखंड धरा आणि हवेने काहीच उष्णता नेली नाही असे समजा. ते लोखंड १३० ते १४० अंशांनी तापेल. काही उष्णता हवा नेते, हे खरे. पण ४६ अंशांची हवा ती किती नेणार? आणि चढावर ब्रेक न दाबता केवळ अ‍ॅक्सिलरेटरच्या आधारे गाडी रोखून धरण्याची जी सवय अनेकांस असते, तीत तर क्लच अखंड घासत राहतो आणि गाडी एक वीतही पुढे जात नाही.

दुसरे गणित अधिक बोलके आहे. तीच गाडी, पण चालकाने शर्यतीप्रमाणे इंजिनाचे फेरे तीन हजारांवर नेऊन उडी मारली. अशा वेळी क्लच पूर्णपणे धरेपर्यंत गाडी ताशी २७ किलोमीटरांच्या आसपास पोहोचते. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आता एकाच उडीत ३९ किलोज्यूल, सातपटींहून अधिक. सिग्नलवर शेजारच्या गाडीस मागे टाकण्याच्या हौसेची किंमत ही.

याउलट नागपूरहून मुंबईकडे जाणारा समृद्धी महामार्ग घ्या. २०२२ च्या डिसेंबरात त्याचा पहिला टप्पा खुला झाला आणि २०२५ च्या जूनमध्ये ७०१ किलोमीटरांचा तो पूर्ण झाला. तेथे मोटारीस ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. त्या वेगाने तासन् तास धावणाऱ्या गाडीचा क्लच घट्ट मिटलेला असतो. तो घासतच नाही, म्हणून तापतही नाही. लोकांची समजूत अशी की, वेगवान गाडी वेगाने झिजते. या यंत्रापुरते तरी ते खरे नाही. ते झिजते सरपटण्याने. वेगासाठी केलेल्या यंत्रास मुंगीची चाल सोसत नाही, हे ऐकण्यास विचित्र वाटते. पण गॅरेजात उघडलेले क्लच हेच सांगतात.

हा दोष नुसता आमच्या तर्कातील नव्हे. २०१३ च्या मार्च महिन्यात चीनमधील सरकारी दूरचित्रवाणीने डी. एस. जी. गाड्यांच्या तक्रारी उघड केल्या आणि पाठोपाठ कंपनीस तेथील ३,८४,१८१ गाड्या परत बोलवाव्या लागल्या. वॉरंटी दहा वर्षांपर्यंत वाढवावी लागली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात जगभरातील सुमारे १६ लाख गाड्यांच्या गियरबॉक्समधील कृत्रिम तेल काढून साधे खनिज तेल घालण्याचे ठरले. कारण, उष्ण आणि दमट हवेत त्या तेलामुळे नियंत्रक यंत्राच्या विजेच्या भागात बिघाड होत असे. या नियंत्रकास कारागीर मेकॅट्रॉनिक म्हणतात. तेलाचा दाब, झडपा आणि संगणक एकाच पेटीत कोंबलेली ती गाडीची नाजूक नाडी आहे. फोर्डचीही हीच कथा. तिच्या कोरड्या दोन-क्लची गियरबॉक्सच्या तक्रारी हाताळण्यातील गैरवर्तनाबद्दल ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने २०१८ मध्ये कंपनीस एक कोटी डॉलरचा दंड केला. भारतात फोर्डने २०१७ मध्ये इकोस्पोर्ट गाडीतून तो गियरबॉक्स काढून जुन्या धर्तीचा स्वयंचलित गियरबॉक्स बसविला. टाटा मोटर्सने २०२२ च्या मार्चमध्ये अल्ट्रोझ या पुण्यात बनणाऱ्या गाडीत दोन क्लचांचा गियरबॉक्स आणला तेव्हा ओली जात निवडली. आपल्या हवेचा विचार करता आम्हांस ती निवड शहाणपणाची वाटते.

येथवर टिकाऊपणाचे झाले. आता ट्यूनिंग, अर्जाचा गाभा तोच आहे.

इंजिनाचा जोर मोजण्याचे एक माप न्यूटन-मीटर. एक मीटर लांबीचा पाना घ्या, त्याच्या टोकास सुमारे साडेपंचवीस किलोचे ओझे टांगा. बोल्टवर जो पीळ पडेल तो २५० न्यूटन-मीटर. प्रत्येक गियरबॉक्सला असा किती पीळ सोसेल, हे कारखाना ठरवून देतो. डी. क्यू. २०० ची मर्यादा २५०. पहिल्या ओल्या सहा-गियरीची ३५०. मोठ्या गाड्यांसाठी केलेल्या डी. क्यू. ५०० ची ६००. आणि बुगाटी व्हेरॉन या जगप्रसिद्ध गाडीसाठी रिकार्डो या इंग्रज कंपनीने केलेला दोन-क्लची गियरबॉक्स तर १२५० सोसत असे. म्हणजे दोन क्लचांचे यंत्र मुळात दुबळे नाही. जितक्या पिळासाठी ते घडविले तितका ते सोसते.

आता आपल्याच महाराष्ट्रातील दोन गाड्या समोर ठेवू. दोन्ही पुण्याजवळील चाकणच्या कारखान्यात तयार झालेल्या, दोन्हींत तोच डी. क्यू. २००. पहिली २०१३ मधील पोलो जी. टी. टी. एस. आय.; तिच्या इंजिनाचा पीळ १७५. दुसरी २०२२ मधील व्हर्टस जी. टी.; तिचा पीळ २५०. पहिलीत कारखान्याने ७५ ची जागा मोकळी सोडली होती. दुसरीत घडा काठोकाठ भरून दिला आहे. ट्यूनिंग करणारा इंजिनाच्या संगणकातील आज्ञावली बदलतो. टर्बोचा दाब वाढतो, अधिक पेट्रोल जळते, पीळ वाढतो. पोलोचा पीळ त्याने २२० वर नेला, तरी तो मर्यादेच्या आतच राहतो. व्हर्टसचा त्याने ३०० वर नेला की घडा वाहू लागला. एकच हुन्नर, एकच गियरबॉक्स, एकाच गावची गाडी. पण एका गिऱ्हाइकाचे काम होते आणि दुसऱ्याच्या गाडीचे आयुष्य खर्ची पडते. आमच्या मते या साऱ्या व्याख्यानात ध्यानात ठेवण्यासारखे हेच आहे. ट्यूनिंग चांगले की वाईट, असा प्रश्नच निरर्थक आहे. शिल्लक किती आहे, एवढेच विचारावयाचे.

मर्यादा ओलांडल्यावर काय होते? गियरबॉक्सचा संगणक सावध असतो. तो इंजिनास आवरते घेण्याची आज्ञा करतो. ती आज्ञाही पुसून टाकली, तर वरच्या गियरमध्ये चढावर क्लच घसरू लागतो. इंजिनाचे फेरे वाढतात, गाडीचा वेग वाढत नाही. घसरण म्हणजे घर्षण, घर्षण म्हणजे उष्णता आणि उष्णतेने तबकडीचे अस्तर काचेसारखे गुळगुळीत होते. मग ती आणखी घसरते. ओल्या जातीत गियरबॉक्सच्या संगणकाचेही ट्यूनिंग करून तबकड्यांवरील तेलाचा दाब वाढविता येतो, जाड आणि अधिक तबकड्यांचे संच बसविता येतात. २०१७ मध्ये आपल्याकडे आलेल्या ऑक्टाव्हिया आर. एस. सारख्या गाडीचे, जिचा पीळ मुळातच ३५० होता, हौशी मालक ते करूनही घेतात. पण तेव्हाही गियरांचे दात आणि बेअरिंगे तीच राहतात, हे कोणी बोलून दाखवीत नाही. कोरड्या जातीत तर दाब वाढविण्यास फारशी जागाच नसते.

जपानच्या निस्सान जी. टी.-आर. या गाडीचे उदाहरण शर्यतशौकिनांस ठाऊक असेल. २००७ च्या अखेरीस ती आली. उभ्या जागेवरून उडी मारण्याची एक योजना तिच्या संगणकातच दिलेली होती. अमेरिकेत मालकांनी ती हौसेने वापरली, काही गियरबॉक्स मोडले आणि वॉरंटीवरून मोठा वाद झाला. शेवटी कंपनीने आज्ञावली बदलून उडीच्या वेळचे इंजिनाचे फेरे पुष्कळ खाली आणले. म्हणजे ज्यांनी यंत्र घडविले त्यांनाच नंतर ट्यूनिंग उलट दिशेने करावे लागले. ट्यूनिंग म्हणजे नेहमी वाढविणे, ही समजूत आपल्या तरुणांनी सोडावी. सतारीची खुंटी जितकी पिळली जाते तितकीच सैलही केली जाते.

कायद्याचा मुद्दा येथे थोडक्यात उरकतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने मुळात दिलेल्या आणि नोंदणी-पुस्तकात उतरलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल करता येत नाही. २०१९ च्या सुधारणेने कलम १८२-अ आले. त्यात अशा फेरबदलाबद्दल मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलास ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आज्ञावलीतील कोणता बदल त्यात येतो आणि कोणता नाही, हा वकिलांचा प्रांत आहे. कंपनी वॉरंटी नाकारते आणि विमेकरी दाव्याच्या वेळी आक्षेप काढू शकतो, हे मात्र गिऱ्हाइकास आधी सांगितले पाहिजे.

गिऱ्हाइकास आधी सांगणे, हे शब्द आम्ही मुद्दाम वापरले. गेल्या उन्हाळ्यात आपल्याच समाजातील एक गृहस्थ भाच्याच्या गॅरेजात आले. खाणीतून निवृत्त झालेले. मिळालेल्या रकमेतून मुलास जुनी वेगवान गाडी घेऊन दिली होती आणि मुलाने ती शहरातून ट्यून करून आणली होती. गाडी कोणत्या कंपनीची आणि काम कोणी केले, हे सांगण्याचे येथे कारण नाही. चार महिन्यांत गियर झटके मारू लागले, मग गाडी चढावर मागे येऊ लागली. विक्रेता म्हणे, ट्यूनिंगमुळे झाले. ट्यून करणारा म्हणे, गियरबॉक्स मुळातच नाजूक. दोघेही अर्धे खरे बोलत होते आणि दुरुस्तीचा आकडा दोन लाखांच्या पुढे होता. त्या गृहस्थांनी विकावयास काढलेले वावर शेजाऱ्याने घेतले. गियरबॉक्स उघडला तेव्हा क्लचचे पोलाद निळे पडलेले होते. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांस त्या रंगाचा अर्थ सांगावा लागत नाही. छिन्नीस पाणी देऊन नंतर उतार देताना गवती पिवळा रंग येतो तो २२०-२३० अंशांस, जांभळा येतो तो २८० च्या आसपास आणि निळा तीनशेच्या घरात. जे पोलाद कधी इतके तापू नये, ते तीनशेवर जाऊन आले होते. आमच्या भाच्याने तो रंग पाहून काय घडले ते सांगितले. संगणक त्याने नंतर जोडला.

ज्यांना अशी जुनी गाडी घ्यावयाची असेल त्यांच्यासाठी थोडे. गाडी थंड असताना एकदा आणि तासभर गर्दीत चालवून तापल्यावर पुन्हा एकदा पाहावी. दोष बहुधा दुसऱ्या खेपेस दिसतो. पहिल्या आणि दुसऱ्या गियरमध्ये मंद गतीत थरथर होते का, चढावर उलट गियर घेताना गाडी अडखळते का, हे पाहावे. ओल्या जातीच्या गाडीत ६०,००० किलोमीटरला तेल बदलल्याची पावती मागावी. जाणत्या कारागिराकडून संगणक लावून क्लचची झीज वाचून घ्यावी. इंजिनाची आज्ञावली पूर्वी बदलली होती का, हेही विचारावे; मालक सांगणार नाही, पण पुष्कळदा संगणक सांगतो. चालविताना रांगेत पुढच्या गाडीस चिकटून इंच-इंच सरकू नये. थोडे अंतर मोकळे पडू द्यावे आणि मग एका दमात पुढे जावे. थांबलो की ब्रेक पुरता दाबावा, म्हणजे क्लच आपोआप सुटतो. चढावर हातब्रेक वापरावा. भगिनींपैकी ज्या स्वतः गाडी चालवितात त्या हे अधिक काटेकोरपणे पाळतील, असा आमचा अनुभव आहे. शौर्य दाखविण्याची घाई त्यांना कमी असते.

आता अर्ज. श्रीमंतांच्या चैनीशी आपला संबंध काय, या आक्षेपाबद्दल आमचे मत नम्रपणे पण स्पष्ट आहे. आपल्या आजोबांनी बैलगाडीच्या चाकास धाव बसविली ती मालगुजाराच्या दमणीसही बसविली. गाडी कोणाची, हे त्यांनी विचारले नाही, धाव सैल पडू नये एवढे पाहिले. ट्रॅक्टर आला, फाळ आयता मिळू लागला आणि या जिल्ह्यात कितीतरी भाते विझले. लोहाऱ्याच्या डोंगरातील लोखंडाची कीर्ती ऐकत वाढलेल्या आपल्या मुलांनी आयुधनिर्माणीत आणि खाणींच्या वर्कशॉपांत नोकऱ्या धरल्या. त्या नोकऱ्याही आता पूर्वीसारख्या सहज मिळत नाहीत. अशा वेळी दोन क्लचांचा गियरबॉक्स उघडून पुन्हा बरोबर मिटविणारा माणूस नागपूरच्या अलीकडे शोधूनही सापडत नाही. तो आपल्यातला एक होत असेल तर निधीने हात आखडता घेऊ नये.

तथापि अर्ज आहे त्या स्वरूपात मंजूर करावा, असे आम्ही म्हणणार नाही. मुलाने मागितलेले पैसे मुख्यतः इंजिनाच्या आज्ञावल्या बदलण्याच्या सामग्रीसाठी आहेत. ते झटपट पैसा देणारे काम आहे. गाडी एका दुपारी येते आणि संध्याकाळी जाते. गियरबॉक्सची दुरुस्ती हे सावकाशीचे काम. कोरडा क्लच बसविताना त्याचे अंतर खास मापकाने मोजून योग्य जाडीच्या चकत्या निवडाव्या लागतात, नंतर संगणकास नव्या क्लचची ओळख शिकवावी लागते. त्यात मिलिमीटरच्या अंशाची चूकही खपत नाही. आमची सूचना अशी की, कर्जाची पहिली रक्कम या मापकांसाठी, क्लच काढण्या-बसविण्याच्या अवजारांसाठी आणि रीतसर प्रशिक्षणासाठी द्यावी. एक वर्ष त्याने दुरुस्ती करावी. किती निळे क्लच त्याच्या हातून जातात ते त्याचे त्यालाच दिसेल. ट्यूनिंगसाठीचा उरलेला भाग त्यानंतर द्यावा. त्यास एक अट जोडावी : प्रत्येक गिऱ्हाइकास काम करण्यापूर्वी एका कागदावर तीन आकडे लिहून द्यावेत. गियरबॉक्सची मर्यादा, गाडीचा मूळ पीळ आणि ट्यूनिंगनंतरचा पीळ. तिसरा आकडा पहिल्याहून मोठा असेल तर काम नाकारावे, गिऱ्हाईक कितीही पैसे देवो.

ही अट जाचक आहे, असे एका सभासदाने आम्हांस आधीच सांगितले. गिऱ्हाईक दुसऱ्या गॅरेजात जाईल, असे त्यांचे म्हणणे. जाईल. काही परत येतील, क्लच बदलून घेण्यासाठी.

अर्जाचा निर्णय कार्यकारी मंडळाच्या पुढील सभेत व्हावयाचा आहे. अर्जदार तरुण आज सभागृहात आहे. बाहेर ओसरीवरील टेबलावर त्याने एक जळालेला क्लच आणि त्याच जातीचा एक नवा क्लच शेजारी शेजारी मांडून ठेवला आहे. चहापानाच्या वेळी सर्वांनी ते दोन्ही हातात घेऊन पाहावेत आणि आमच्या बोलण्यात जे अपुरे राहिले असेल ते त्याला विचारावे.